विचारा तर खरं : रब अल खाली, दोन महाराष्ट्रांएवढी वाळू

मागच्या अंकात अरबस्तानातल्या रब अल खालीचा एक फोटो छापला होता आणि खाली एवढंच लिहिलं होतं की हे जगातलं सगळ्यात मोठं सलग वाळूचं वाळवंट. त्या एका ओळीवर इतके मेल आणि पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकतेय. दोघातिघांनी तर थेट चूक काढलीये, तिथूनच सुरू करू.

प्रश्न : सगळ्यात मोठं वाळवंट सहारा, हे आम्ही शाळेत शिकलो आणि पुढे तीस वर्षं शिकवलं. तुम्ही रब अल खाली कसं काय लिहिलंत? पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी. (एक निवृत्त शिक्षक)

सर, दुरुस्ती नाही छापत, पण तुमचंही बरोबरच आहे. सहारा ९२ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे भारताच्या पावणेतीन पट, त्याच्यापुढे रब अल खाली अगदीच चिल्लर, साडेसहा लाख. फक्त सहारा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जी वाळूच वाळू येते ना, ती सहाराच्या साधारण चौथ्या हिश्श्यावरच आहे, बाकी सगळा उघडा खडक, दगडगोट्यांची मैदानं, डोंगर, आणि वाळू आहे तीही तुकड्यातुकड्यांत. रब अल खालीत तसं नाही, तिथे एकदा वाळू सुरू झाली की हजार किलोमीटरच्या वर लांब आणि पाचशेच्या वर रुंद, सलग. दोन महाराष्ट्र आत बसवले तरी थोडी जागा उरेल. बराचसा भाग सौदी अरेबियात, उरलेला ओमान, अमिराती आणि येमेनमध्ये.

आणि फारच काटेकोर व्हायचं म्हटलं तर सहाराही पहिलं नाहीच, कारण वर्षाला पाऊस किंवा बर्फ किती पडतो यावरून वाळवंट ठरवायचं तर अंटार्क्टिका येतं सगळ्यात वर, जवळजवळ एक कोटी चाळीस लाख चौरस किलोमीटर. पण मराठीत बर्फाला वाळवंट म्हणायला जीभ वळत नाही, कारण आपल्या शब्दातच वाळू बसलेली आहे, आपण तर नदीकाठच्या वाळूलाही वाळवंट म्हणतो, चंद्रभागेचं वाळवंट म्हणतो आणि तिथे पाणी शेजारीच असतं! म्हणून माझं मत असं की निदान मराठीत तरी पहिला मान रब अल खालीला द्यायला हरकत नसावी.

नावाचं पण काहींनी विचारलंय. रुब म्हणजे चौथा भाग, खाली म्हणजे रिकामा, जसं आपण जागा खाली आहे म्हणतो तेच. रिकामा चौथा हिस्सा. पण गंमत म्हणजे तिथे राहणारे बेदू लोक हे नाव फारसं वापरायचेच नाहीत, त्यांच्यासाठी ती नुसती रमला, म्हणजे वाळू. जे तिथे राहतात त्यांना ती जागा रिकामी कशी वाटणार म्हणा.

प्रश्न : माझा मेहुणा आखातात ट्रेलर चालवतो. त्याने डॅशबोर्डचा फोटो पाठवला, ५८ डिग्री! हा वर्ल्ड रेकॉर्ड आहे का?

नाही हो, मेहुण्यांना सांगा की हाल खरे आहेत पण रेकॉर्ड नाही. हवेच्या तापमानाचा मान्य झालेला विक्रम ५६.७ डिग्रीचा, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीतला, १९१३ सालचा, आणि त्याच्यावरसुद्धा अजून वाद चालू असतो. गाडीचा सेन्सर असतो पुढे बंपरजवळ, खाली तापलेला रस्ता, मागे इंजिन, तो बिचारा काय दाखवणार. हवामानखात्याचं तापमान मोजतात ते जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या पेटीत. त्या हिशोबाने रब अल खालीत जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ४७ च्या आसपास रोजचंच, आणि मधूनमधून पन्नाशी ओलांडते.

पण माझ्या मते हा सावलीतला आकडा थोडा फसवाच आहे, कारण तिथे सावली असतेच कुठे? माणूस चालतो वाळूवर आणि वाळूचा आकडा वेगळा. उन्हाळ्याच्या दुपारी वाळूचा वरचा थर सहज ७० च्या वर जातो. उपग्रहांनी इराणच्या लूत वाळवंटात तर जमिनीचं तापमान ८० च्या वर मोजलंय.

मी एकदा एप्रिलमध्ये लिवाला गेले होते, अमिरातीच्या बाजूने रब अल खाली जिथे सुरू होतं तिथे. दुपारचे दोन वाजलेले, आणि सगळे काढतात म्हणून मीही सँडल काढून टेकडीवर चढायला लागले. चौथ्या पावलाला उडी मारली. मग खाली बसून (ओढणीची घडी करून, तशी नाही बसता येत) हाताने वाळू उकरायला लागले. वरची बोटभर वाळू तव्यावरच्या रव्यासारखी, वीतभर खाली कोमट, आणि कोपरापर्यंत हात गेला तेव्हा चक्क गार आणि किंचित ओलसर, मुठीत दाबली तर क्षणभर गोळा टिकत होता. कोरडी वाळू उष्णता खाली जाऊच देत नाही, दिवसाचा सगळा तमाशा वरच्या फूटभरात चालतो. आणि कधीकाळी पडलेल्या पावसाची ओल खाली अडकून राहते, कारण वरचा कोरडा थर झाकणासारखा काम करतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत येणारे.

रात्रीचं सांगायचं राहिलं. हवेत बाष्प नाही, ढग नाहीत, त्यामुळे दिवसाची उष्णता सूर्य गेला की सरळ आकाशात निघून जाते. हिवाळ्यात पहाटे पारा एक आकडी होतो, कधी अगदी शून्याच्या जवळ. दुपारी भाजणं आणि पहाटे काकडणं, एकाच जागी.

प्रश्न : मी नववीत आहे. समजा मला रब अल खाली चालत पार करायचं असेल तर किती पाणी लागेल? गणित करून सांगा.

शाब्बास, हा खरा प्रश्न. बाकी उंची, तापमान, वादळं सगळं ठीक आहे, पण या वाळवंटाचं सगळं शेवटी पाण्याच्या वहीखात्यावर येऊन थांबतं. चल करू.

दक्षिणेला ओमानचं सलालाह, तिथून उत्तरेला कतारचं दोहा, हे अंतर तेराशे किलोमीटर धर. मऊ वाळूत, टेकड्या चढत उतरत, रोज २५ किलोमीटर झाले तरी खूप झाले. म्हणजे ५२ दिवस. हिवाळा धरू, आणि पिणं स्वयंपाक मिळून रोज पाच लिटर, हे काही चैनीचं नाही. ५२ गुणिले ५, २६० लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो. २६० किलो पाठीवर घेऊन चाल आता! आणि ते ओझं उचलायचं म्हणून घाम जास्त, घाम जास्त म्हणून पाणी जास्त, म्हणजे गणित सुरू व्हायच्या आधीच फसलं.

उन्हाळ्यात तर विचारूच नको. त्या उन्हात चालणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर किंवा जास्तच घाम येतो, आणि खरी मेख अशी की तो दिसत नाही. हवा इतकी कोरडी की घाम आला तसा उडून जातो, शर्ट कोरडाच, फक्त वर मिठाचे पांढरे डाग. माणसाला वाटतं आपल्याला काही घाम नाही येत आहे, आणि आतली टाकी भसाभस रिकामी होत असते. वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं की अंगातली ताकद कमी व्हायला लागते, डोकं नीट चालत नाही, आणि दहाच्या आसपास पोचलं की माणूस बरळायला लागतो. म्हणजे ज्या वेळी शांतपणे निर्णय घ्यायचा त्याच वेळी निर्णय घेणारा जागेवर नसतो.

मग लोकांनी पार कसं केलं? एक, उन्हाळ्यात गेलेच नाहीत. बर्ट्रम थॉमस नावाचा इंग्रज, मस्कतच्या सुलतानाचा वजीर होता, तो १९३० च्या डिसेंबरात सलालाहहून निघाला आणि १९३१ च्या फेब्रुवारीत दोह्याला पोचला, बाहेरच्या माणसाने हे वाळवंट पार केल्याची ही पहिली नोंद. दोन, वाट बेदूंची. विहिरी कुठे आहेत, यंदा पाऊस कुठे पडला, कुठल्या टोळीचं कुठल्या टोळीशी वैर आहे हे थॉमसला माहीत नव्हतं, राशिद टोळीच्या वाटाड्यांना माहीत होतं. इतिहासात नाव थॉमसचं, पण मला विचारशील तर पार त्यांनी केलं आणि हा त्यांच्याबरोबर गेला.

आणि तीन, उंट. उंटाच्या मदारीत पाणी नसतं रे, चरबी असते. उंटाची खरी कमाल वेगळीच. आपलं तापमान दोन डिग्री वाढलं की आपण अंथरुणाला, तहानलेला उंट मात्र पहाटे ३४ आणि दुपारी ४१ असा स्वतःला सरळ तापू देतो, थंड व्हायला घाम खर्चच करत नाही, रात्री आपोआप थंड होतो. वजनाच्या पाव हिश्श्याएवढं पाणी गेलं तरी उभा असतो आणि विहीर मिळाली की दहा-पंधरा मिनिटांत शंभरेक लिटर पिऊन मोकळा. हिवाळ्यात ओला चारा मिळाला तर आठवडेच्या आठवडे पाणीही नको. त्याहून भारी म्हणजे तिथल्या कित्येक विहिरींचं पाणी इतकं मचूळ की माणसाच्या घशाखाली उतरत नाही, उंटीण मात्र ते पिते आणि तिचं दूध माणसं पितात. म्हणजे चालता बोलता फिल्टरच की.

तरीही हिशोब चुकायचा. जॉन फिल्बी हा दुसरा इंग्रज (पुढे रशियासाठी हेरगिरी करून गाजलेल्या इंग्रज हेराचा हा बाप, पण ते जाऊ दे) १९३२ मध्ये पूर्वेकडून पश्चिमेला निघाला, मधे सुमारे सहाशे किलोमीटर एकही विहीर नाही, पहिल्या प्रयत्नात अर्ध्यातून मागे फिरायला लागलं, दुसऱ्यांदा जमलं. विल्फ्रेड थेसिगर नावाचा इंग्रज प्रवासी १९४६ मध्ये गेला तेव्हा पाणी कसंबसं पुरलं पण खाणं संपलं, बरोबरचे लोक लिवाला धान्य आणायला गेले आणि हा तीन दिवस उपाशी वाळूत पडून. पाणी असायचं शेळीच्या कातड्याच्या पखालीत. पखाल ठिबकते, म्हणजे रोज रात्री झोपताना कानावर टप टप, आणि ते आपलंच आयुष्य.

हे जुनं झालं म्हणशील तर २०२४ च्या ऑगस्टचं ऐक. सौदीत नोकरी करणारा एक भारतीय तरुण आणि त्याचा सहकारी कामासाठी गाडीने आत गेले, जीपीएस बंद पडलं, रस्ता शोधता शोधता गाडीतलं इंधन संपलं, फोनची बॅटरी संपली. चार दिवसांनी दोघं सापडले, गाडीजवळच, गेलेले. गाडी होती, फोन होता, पाणी नव्हतं. तर तुझं गणित असं आहे.

प्रश्न : एवढ्या उन्हात तिथल्या बायका काळे कपडे कसे घालतात? काळा रंग तर ऊन शोषतो ना?

शोषतो. इस्रायलमधल्या नेगेवच्या वाळवंटात हाच प्रयोग करून पाहिला होता, १९८० मध्ये तो प्रसिद्ध झाला, माणसाला पांढरा झगा, काळा झगा, आणि कमी कपडे असं घालून भर उन्हात उभं केलं. काळं कापड जास्त तापलं, पण आत कातडीपर्यंत पोचलेली उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच, कारण सैल कपड्याच्या आत हवा वर सरकत राहते आणि कापडाची जास्तीची उष्णता बाहेरच निघून जाते. तेव्हा रंग सोडा, सैल हवा. आणि अंग झाकलेलं हवं, वाळवंटात शर्ट काढणारा माणूस म्हणजे स्वतःच्या पाण्याच्या टाकीला भोक पाडणारा माणूस.

प्रश्न : सिनेमात दाखवतात तसं वाळूचं वादळ येऊन अख्खा काफिला गाडला जातो का?

सिनेमातलं सिनेमात. ती जी आभाळाएवढी तपकिरी भिंत येते ना, ती बहुतेक धुळीची असते, वाळूची नाही. वाळूचा कण जड, वारा त्याला उचलतो, तो टुणकन उडी मारतो, पुढे आपटतो, आपटताना आणखी दोन-चार कणांना उडवतो, ते पुढे उडतात, असा सगळा बेडूकउड्यांचा खेळ, आणि तो मुख्यतः गुडघ्याच्या खाली चालतो. फार जोराच्या वाऱ्यात कमरेपर्यंत, छातीपर्यंत. म्हणून उभ्या माणसाच्या नडग्या सोलून निघतात आणि डोकं तुलनेने बरं असतं, आणि वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या खांबाचा रंग खालूनच उडालेला दिसतो. वादळात गुदमरायला होतं, चुकायला होतं, उंट तोंड फिरवून बसून राहतो, गाड्यांच्या काचा दुधी होतात. गाडले जाणं मात्र सावकाशीचं काम.

सावकाशीचं म्हणजे टेकडीच चालत येते. चंद्रकोरीच्या आकाराची टेकडी असते, भूगोलाच्या पुस्तकातली बारखाण, तिची शिंगं वारा जातो त्या दिशेला. वारा मागच्या उतारावरून वाळू माथ्यावर आणतो आणि पुढच्या बाजूला ती घसरते, आणि घसरण्याचा कोन ठरलेला, ३२ ते ३४ अंश, त्याहून उभी कोरडी वाळू राहतच नाही. अशी मागची वाळू पुढे, मागची पुढे, करत करत सगळी टेकडीच सरकते, आणि छोटी टेकडी मोठीपेक्षा भरभर, कारण हलवायला माल कमी. रब अल खालीत पश्चिमेला शेकडो किलोमीटर लांब समांतर रांगा आहेत आणि पूर्वेला चांदणीसारख्या फाटे फुटलेल्या टेकड्या, काही २५० मीटरच्या, म्हणजे ऐंशी मजली इमारत वाळूची. या चांदणीवाल्या मात्र फार हलत नाहीत, चहूबाजूंनी वारा बदलत राहतो म्हणून जागच्या जागी उंच होत जातात.

ही वाळू कधी कधी आवाजही करते, एकसारख्या आकाराचे कोरडे कण उतारावरून एकदम घसरले की विमान दुरून जावं तसा घुमल्यासारखा. मी लिवाला तासभर घसरून पाहिलं, माझ्यासाठी काही गायली नाही.

प्रश्न : पण एवढी वाळू आली कुठून? आणि तिथे पाऊस का पडत नाही, समुद्र तर तिन्ही बाजूंना आहे!

समुद्र असून पाऊस नाही, हे खरंच जिव्हारी लागणारं आहे. विषुववृत्ताजवळ हवा तापून वर जाते, पाऊस टाकून कोरडी होते आणि मग या पट्ट्यात खाली उतरते. उतरणारी हवा दाबली जाते, दाबली की गरम होते, ढग तयारच होऊ देत नाही. वर्षाला ५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस, काही वर्षं तर काहीच नाही. त्यात दक्षिणेला ओमानमधले धोफारचे डोंगर आडवे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे मान्सून असतो तेव्हा त्याच वाऱ्याचं एक टोक सलालाहला लागतं, धुकं, भुरभुर पाऊस, डोंगर हिरवेगार, तिथे या मोसमाला खरीफ म्हणतात, हो, आपला खरीप हंगाम त्याच अरबी शब्दातून आला. आणि तो डोंगर ओलांडला की पलीकडे थेंब नाही. शेजारच्याच्या अंगणात सडा आणि आपल्याकडे धूळ, तसं.

वाळूचं म्हणाल तर पश्चिमेच्या डोंगरांतून पूर्वी नद्यांनी आणलेला गाळ हा एक साठा. दुसरा साठा समुद्राच्या तळाचा. हिमयुगात जगभरचं पाणी बर्फात अडकलं, समुद्र १२० मीटरच्या आसपास खाली गेला, आणि पर्शियन आखात सरासरी जेमतेम ३५ मीटर खोल, म्हणजे ते अख्खं कोरडं पडलं. वायव्येकडून शमाल नावाचा वारा सुटतो, आजही सुटतो, त्याने तो उघडा पडलेला गाळ उडवून आत नेला. वाळूच्या कणांवर लोहाचा गंज चढत गेला म्हणून आतल्या भागात ती केशरी-तांबूस दिसते.

आणि आता ज्यावर कोणी पटकन विश्वास ठेवणार नाही ते. याच वाळवंटात मुंडाफान नावाच्या जागी जुन्या तळ्यांचे तळ सापडलेत, आणि त्यात लांब शिंगांची गुरं, रानम्हशी आणि पाणघोडे यांचे अवशेष! हवामान पालटत गेलं तसे निदान दोन वेळा तिथे पावसाचे काळ येऊन गेले, शेवटचा साधारण दहा हजार ते पाच हजार वर्षांपूर्वीचा. त्या तळ्यांकाठी शिकार करणाऱ्यांची दगडी बाणाची टोकं आजही वाळूवर पडलेली मिळतात.

प्रश्न : आपल्याकडे बांधकामाला वाळू मिळत नाही, नद्या खरवडल्या जातायत. आखातवाल्यांनी ती वाळू जहाजात भरून पाठवावी की!

आयडिया छान आहे, पण ती वाळू काँक्रीटला चालत नाही. वाऱ्याने हजारो वर्षं घासून कण बारीक, गुळगुळीत आणि सगळे एका मापाचे झालेले. काँक्रीटला लहानमोठे, खडबडीत कण लागतात, एकमेकांत अडकून पोकळ्या भरणारे. वाळूच्या समुद्राशेजारी राहूनही तिथल्या बिल्डरला दुसरीकडची वाळू शोधायला लागते, आता बोला.

प्रश्न : तिथे खरंच काही नाही का? म्हणजे माणूस, प्राणी, काहीच?

नाही कसं. वनस्पतीच घ्या, एका अभ्यासकाने १९८६ मध्ये मोजदाद केली, साडेसहा लाख चौरस किलोमीटरमध्ये अवघ्या ३७ जाती, त्यातल्याही १७ नुसत्या कडेकडेने. झाड असं नाहीच, झुडपं आणि गवतासारखं काहीतरी, आणि त्यात आपल्या गोखरूचा एक भाऊबंद, ज्याच्यावर उंट तुटून पडतात. आठवतंय ना, कोपरभर खालची ओल? ही सगळी मंडळी मुळं पसरून तीच पितात, एकदा चांगला पाऊस झाला तर वर्ष-दोन वर्षं त्यावर काढतात.

प्राण्यांत मोठा मान ओरिक्सचा, पांढरंशुभ्र हरीण, सरळ लांब शिंगं. हा पाणी न पिताही महिनोन्महिने राहतो, झाडपाल्यातून आणि पहाटेच्या दवातून भागवतो. बंदुका आणि जीपगाड्या आल्या आणि १९७२ मध्ये ओमानात शेवटचा रानटी ओरिक्स मारला गेला. आधीच काही पकडून अमेरिकेतल्या फीनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात वगैरे वाढवले होते म्हणून जात वाचली, त्यांची पिल्लं १९८२ पासून परत रानात सोडायला लागले. रब अल खालीच्या पश्चिम कडेला उरूक बनी मआरिद म्हणून राखीव क्षेत्र आहे, तिथे १९९५ मध्ये सोडले, आणि २०२३ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं.

माणसाचं म्हणाल तर शैबाचं तेलक्षेत्र बघा. १९६८ मध्ये तेल सापडलं, पण काढायला १९९८ उजाडलं, कारण दोनशे मीटरच्या टेकड्यांमध्ये सामान नेणार कसं आणि तेल आणणार कसं. टेकड्यांच्या मधे मिठाची सपाट कडक मैदानं असतात, सबखा म्हणतात, त्यावर विमानांची धावपट्टी केली, आणि तेल ६३८ किलोमीटरच्या पाइपलाइनमधून बाहेर. पण सबखा बघून हुरळून जाऊ नका, ओमानच्या बाजूला उम्म अल समीम नावाची अशीच एक जागा आहे, वर मिठाचा पापुद्रा, खाली चिखल, जनावर आत गेलं की गेलं. नावाचा अर्थच विषाची आई.

आणि आता तर रस्ता झालाय. २०२१ च्या डिसेंबरात ओमान ते सौदी थेट हायवे सुरू झाला, साधारण सव्वासातशे किलोमीटर, मधे वाळू बाजूला सारत राहणारी यंत्रं. थॉमसच्या मानाने सहल म्हणायची. तरी टाकी फुल करा आणि पाणी डिकीत नको, हाताशी ठेवा.

बाय द वे, फिल्बीला तिथे हरवलेलं शहर सापडायचं होतं, बेदूंनी सांगितलं होतं की देवाच्या कोपाने जळालेलं वबार नावाचं शहर आहे. १९३२ मध्ये तो तिथे पोचला तर काळी राखेसारखी काच आणि गोल खड्डे, त्याला वाटलं ज्वालामुखी. तो होता लोखंडाच्या उल्केचा आघात, वाळू वितळून काच झालेली, मोठा खड्डा ११६ मीटर रुंद. १९६६ मध्ये तिथून दोन टनांच्या वरचा लोखंडाचा गोळा बाहेर काढला. फिल्बीने पाहिले ते खड्डे आता वाळूने बरेचसे भरून गेलेत.

प्रश्न : मग तिथे चांगला पाऊस पडलाच तर सगळ्यांचं भलंच होत असेल?

हा शेवटचा घेते, कारण याचं उत्तर फिरून आपल्याच दारात येतं. २०१८ च्या मे महिन्यात मेकुनू नावाचं चक्रीवादळ सलालाहजवळ जमिनीवर आलं, कित्येक वर्षांचा पाऊस एक-दोन दिवसांत, आणि ते डोंगर ओलांडून आत रब अल खालीत शिरलं. टेकड्यांच्या मधे चक्क तळी झाली, लोकांनी तिथे उभं राहून फोटो काढले. ऑक्टोबरात लुबान आलं, परत पाऊस. गवत उगवलं, उंटवाले खूश.

पण ओली वाळू आणि वर हिरवळ म्हणजे वाळवंटी टोळांना बाळंतपणाची खोलीच. टोळाची मादी अंडी घालते ती वाळूत काही इंच खाली, ओल असेल तरच. आत रस्ते नाहीत, गस्त नाही, फवारणी नाही, कोणाचं लक्षच नाही, आणि टोळांच्या एकामागून एक तीन पिढ्या झाल्या, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या हिशोबाने आठ हजार पट वाढ. २०१९ च्या सुरुवातीला तिथला चारा संपला तसे थवे बाहेर पडले, काही येमेनकडून आफ्रिकेत, काही इराणकडे. एका चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ, आणि ते दिवसाला ३५ हजार माणसांएवढं खातात. इराण, पाकिस्तान, राजस्थान, मध्य प्रदेश असं करत २०२० च्या मे महिन्यात, आपण सगळे लॉकडाऊनमध्ये घरात बसलेलो असताना, टोळधाड विदर्भात उतरली, अमरावती, वर्धा, नागपूरच्या संत्र्याच्या बागांवर, आणि शेतकरी थाळ्या आणि पत्र्याचे डबे बडवत बांधावर उभे.